मडिवाळप्पांचं मौन

आमच्या चिटगुप्प्यात मन ताब्यात ठेवण्याच्या बाबतीत एकाच माणसाचं नाव घेतात. ते म्हणजे तुरीचे अडते मडिवाळप्पा. कुणाच्या पोराचं अभ्यासात लक्ष लागत नाही, कुणाला झोप येत नाही, कुणी सुनेशी भांडून बसलंय, की लोक म्हणणार, "जा, अप्पांपाशी बसून ये जरा." मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन्ही घरांना मधली भिंत एकच आहे. मन ताब्यात ठेवणाऱ्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहणं काय असतं, हे खरं म्हणजे मला विचारायला हवं. कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते.

मडिवाळप्पा दिसायलाच शांत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि चालणं असं की रस्त्यातला कुत्रासुद्धा त्यांच्यासाठी उठत नाही, कारण उठायची गरजच पडत नाही. तुरीचा भाव पडो की चढो, यांचा आवाज चढत नाही. दर रविवारी बसवमंटपात शरणांची, म्हणजे लिंगायत भक्तांची, बैठक भरते, तिथं मनावर बोलायचं ते यांनीच. मनाला माकड म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मडिवाळप्पांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, मन म्हणजे तुरीचं पोतं. तोंड नीट शिवलं नाही की सगळी तूर रस्त्यावर. आधी यम-नियमांनी पोतं झटकून घ्यायचं, आसनाने उभं करायचं, प्राणायामाने भरायचं आणि प्रत्याहाराने तोंड शिवायचं. "प्रत्याहार म्हंजे काय?" ते विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "दुकानाचं शटर खाली वडणं. भायेर गिऱ्हाईक वरडू दे, फोन वाजू दे. कान आत, डोळे आत. मग धारणा, मग ध्यान." समोरचे अडते, हमाल, मास्तर सगळे माना डोलवायचे. मीही डोलावली आहे. बोलतात छानच.

आणि नुसतं बोलत नाहीत, करतातही. त्यांच्यात देव देवळात नसतो, गळ्यात असतो. दीक्षा झाली की बाईला काय आणि पुरुषाला काय, प्रत्येकाला आपापलं इष्टलिंग मिळतं. चांदीच्या लहानशा करंड्यात ते गळ्यात राहतं. सकाळी अंघोळ झाली, विभूती लावली, की ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्यावर नजर ठेवून बसायचं. नजर हलली नाही की मन हलत नाही, मन हललं नाही की श्वास आपसूक संथ होतो. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, अंगारे-धुपारे मला चालत नाहीत, पण ही गोष्ट मला पटते. आमचे नरहरराव निवृत्त झाल्यापासून सकाळी मोबाईलवर योगासनं बघतात. करत नाहीत, बघतात. त्यांच्यापुढे मडिवाळप्पा म्हणजे हिमालय.

पूजेत बोलायचं नाही हा नियम. बोललं की पूजा मोडली. मडिवाळप्पांनी लग्नाआधीपासून हा नियम पाळलाय. एक शब्द नाही. ते फक्त "हूं" करतात.

आता हूं म्हणजे काही शब्द नव्हे. पण त्या हूंमध्ये काय काय बसतं ते ऐका. आखूड, तुटका हूं आला की दूध वर आलंय. लांबलचक, शेपटीवाला आला की दारात कुणीतरी उभं आहे. नाकातून चढत चढत गेला तर नळ उघडा राहिलाय आणि पाणी वाया चाललंय. खर्जातला, घशाच्या तळातून आलेला हूं म्हणजे फोन वाजतोय, उचला. त्याच्या जोडीला चुटकी वाजली तर मांजर दह्याशी गेली आहे. नजर लिंगावर, पाठ ताठ, हात स्थिर, आणि नजर जराही न हलवता हा माणूस अख्खं घर चालवतो. गावात म्हणतात, मडिवाळप्पांच्या पूजेच्या वेळी घर पेटलं तरी डोळा हलायचा नाही. बरोबर आहे. डोळा नाहीच हलणार. हूं येईल.

हे सगळं कळतं एकट्या चन्नव्वाला. चन्नव्वा म्हणजे त्यांची बायको. लहानखुरी, भरभर चालणारी, बोलताना वाक्य अर्धं सोडून कामाला लागणारी. मुलगा अमरनाथ उजाडायला अडत दुकानी जातो. सून नागरत्ना हुमनाबादजवळच्या कन्नड शाळेत शिकवते, ती सकाळच्या बसने. त्यामुळे पूजेच्या वेळी घरात हे दोघंच. आत हूं झाला की पुढच्या क्षणी बाहेर चन्नव्वाची पावलं.

नागरत्ना नवी नवरी असताना एकदा सुट्टीच्या दिवशी चन्नव्वा न्हाणीघरात होती आणि आतून हूं आला, चुटकीसकट. बिचारीने पंखा लावला. पुन्हा हूं. पंखा बंद केला. पुन्हा हूं. पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला, उदबत्ती लावली, दार लावलं, दार उघडलं. शेवटी रडकुंडीला येऊन चहाच केला आणि पूजेला बसलेल्या सासऱ्यापुढे कप धरला. मडिवाळप्पांनी डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे त्यांच्या हिशेबाने किंकाळीच. तोवर मांजरीने दही संपवून तोंडसुद्धा पुसलं होतं.

आणि कान तर विचारूच नका. भिंतीपलीकडून माझ्या कुकरच्या शिट्ट्या ते ऐकायचे. तिसरी शिट्टी झाली आणि मी कुठे मागे-पुढे असले की पलीकडून आखूड हूं यायचा. मी धावत जाऊन गॅस बंद करायची. पुढं पुढं मी शिट्ट्यांकडे लक्ष देणंच सोडून दिलं. नरहरराव पाहुण्यांना सांगायचे, "आमची डाळ तीन शिट्ट्या आणि एक हूं झाला की शिजते." आम्ही सगळे हसायचो. चन्नव्वाही हसायची.

मागल्या थंडीत चन्नव्वा नळापाशी चक्कर येऊन पडली. घागर एकीकडे, ती एकीकडे. नागरत्नाने तिला बिदरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब निघाला. गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "आजी, रोज सकाळी थोडा वेळ एका जागी निवांत बसा. मन शांत ठेवा. तुमच्यात तर इष्टलिंग पूजा असते. त्याच्याइतकं चांगलं औषध माझ्याकडे नाही." हे ऐकून चन्नव्वा एवढी हसली म्हणे, की डॉक्टर नागरत्नाकडे बघायला लागले.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. बसली म्हणजे टेकली. पुरतं बसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अक्का, डाक्टर म्हणायलेत निवांत बस. निवांत कंच्या दुकानात मिळतंय तेवढं इचारायचं ऱ्हायलं."

"अगं, पण पूजा करतेस ना तू रोज?"

"करते की. उभ्या उभ्या." तिने पदराआडून करंडा काढून मला दाखवलं. "ह्ये असं हातावर घ्यायचं. घेतलं, की आतून हूं. परत करंड्यात. दूध उतरीवलं, परत हातावर घेतलं, की हूं. परत करंड्यात. तवर ह्यांची पूजा होती, मग च्या लागतंय. लगीन झाल्यापासून एक डाव बसून, शेवटपर्यंत माझी पूजा झालेली न्हाई अक्का."

ती करंड्यावरून बोट फिरवत राहिली.

"माहेरी, निंबर्ग्याला माझी आई बसायची. भिंतीला पाठ न टेकता. हात असा, दगडावाणी. आमी पोरं वरडायचो, भांडायचो, तिला काय नसायचं. मला एकदा तसं बसायचं हाय. मरायच्या आदी एकदा बसले तरी बास."

पावशेर साखर मागावी तसं ती बोलली आणि उठून गेली, कारण पलीकडे नळाला पाणी आलं होतं. मला मात्र संताप आला. त्यांच्या धर्माने बायकांना बरोबरीचं लिंग दिलं, बरोबरीची दीक्षा दिली. बरोबरीचा वेळ द्यायचं घरच्या माणसांवर सोपवलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

डॉक्टरांचा सल्ला ऐकून मडिवाळप्पा मात्र खूश झाले. "मन शांत करायचं? मग तर घरचंच काम हाय!" म्हणाले. त्यांनी चन्नव्वाला शिकवायचं ठरवलं. आपल्याशेजारी तिचा पाट मांडला. पहिल्या दिवशी पूजेआधी त्यांनी तिला अष्टांग समजावून सांगितलं. तोवर तिची भाकरी करायची वेळ होऊन गेली. मग दोघं बसले. तिने लिंग हातावर घेतलं, आणि दूध वर आलं. हूं. ती उठली. परत बसली. दारात पेपरवाला. हूंऽऽ. ती उठली. पूजा झाल्यावर मडिवाळप्पा तिला म्हणाले, "बघ, तुझं मन चंचल हाय. सारखी उठायलीस." हे मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं. मी हातातली पळी आपटली, तीही त्यांना ऐकू गेली असेल.

मग दूध पूजेनंतर तापवायचं ठरलं. दूध गेलं तर नळ होता, नळ नसला तर फोन होता. मग मडिवाळप्पांनी युक्ती काढली. आधी त्यांची पूजा, मग तिची. ही तर आणखी वाईट ठरली, कारण आता त्यांचं तोंड मोकळं होतं. ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे.

"पाठ ताठ. श्वास बघ. आत आला, भायेर गेला. बघायलीस का? मनात काय यायलंय, सांग."

"तुमचा आवाज," चन्नव्वा म्हणायची.

"त्यो येऊ दे. त्याच्याकडं साक्षीभावानं बघ."

शेवटी मी तिला माझ्याकडे बोलावलं. आमची मागची खोली रिकामीच असते. मी सतरंजी घातली, नरहररावांना मोबाईलसकट बाहेर पिटाळलं, दार लोटून घेतलं. चन्नव्वा बसली. लिंग तळहातावर घेतलं. तिचा हात सुरुवातीला हलत होता, मग हळूहळू स्थिर व्हायला लागला. मी दाराच्या फटीतून बघत होते. आता जमणार असं वाटलं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून लांब हूं आला. चन्नव्वा उठलीच. लिंग करंड्यात, करंडा पदराआड, आणि ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. मी दार अडवून उभी होते.

"कुठं निघालीस?"

"दारात कोन तर आलंय," ती म्हणाली.

"अगं, ते तुमच्या दारात! बघतील ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "अक्का, मी उठत न्हाई. पाय उठत्यात," ती म्हणाली.

मग मात्र मी थांबले नाही. संध्याकाळी सरळ मडिवाळप्पांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या हूंमुळे या बाईची पूजा होत नाही. तो तेवढा बंद करा."

मडिवाळप्पांनी झोपाळा थांबवला. "कंचा हूं?"

"पूजेत करता तो."

"पूजेत?" त्यांना खरोखरच धक्का बसला. "मालतीबाई, तुमी शिकल्या-सवरल्या. पूजेत मी तोंड उघडत न्हाई हे सगळ्या चिटगुप्प्याला ठावं हाय. मौन असतंय माझं."

मला आधी वाटलं, नाटक करतात. पण तो माणूस खोटं बोलणारा नव्हे. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं घर त्यांच्या हूंवर चाललं आणि त्यांना वाटत होतं, घर आपोआप चालतं आणि ते ध्यानात असतात. मी नागरत्नाकडे पाहिलं. ती मान खाली घालून हसू दाबत होती. मी तिला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं, "उद्या तुला सुट्टी आहे, सकाळी मोबाईल देवघराच्या दाराशी ठेव. आवाज भरून घे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परत तिथंच जमलो. मडिवाळप्पा झोपाळ्यावर, मी खुर्चीवर, अमरनाथ उंबऱ्यात. चन्नव्वा मधल्या खोलीत खाली बसून शेंगा फोडत होती. तिला या कटाची काहीच कल्पना नव्हती. नागरत्नाने मोबाईल सुरू केला. आधी नुसती खरखर आणि पाटाचा आवाज. मडिवाळप्पा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागले. मग आला. लांबलचक, शेपटीवाला.

"हूंऽऽ."

अमरनाथ फिस्सकन हसला. मडिवाळप्पांच्या भुवया वर गेल्या. आणि मधल्या खोलीत चन्नव्वाने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, उठली, आमच्यासमोरून गेली, पुढचं दार उघडलं, बाहेर डोकावली, दार लावलं आणि परत येऊन शेंगा फोडायला बसली.

आम्ही बघतच राहिलो. मोबाईल चालूच होता. थोड्या वेळाने आखूड हूं आला. चन्नव्वा पुन्हा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीचं बटण फिरवलं. शेगडी बंदच होती. वर काहीच नव्हतं. ती क्षणभर तिथंच उभी राहिली, मग बाहेर येऊन म्हणाली, "दूध तर ठेवलेलंच न्हाई. मी कामून गेले?"

अमरनाथचं हसू कुठल्या कुठे गेलं. नागरत्नाने मोबाईल बंद केला. मडिवाळप्पा बायकोकडे बघत होते. अगदी नजर न हलवता बघत होते, आणि मला वाटतं, त्या नजरेत पहिल्यांदाच समोरची वस्तू होती. मग ते उठले आणि देवघरात जाऊन बसले. पूजेची वेळ नसताना.

दुसऱ्या दिवसापासून हूं बंद करण्याचा त्यांचा प्रयोग सुरू झाला. तोंडात खडीसाखर धरून बसले, ती विरघळली. लवंग धरली, ती दूधवाल्याच्या हाकेसरशी घशात गेली आणि असा ठसका लागला की चन्नव्वा पूजा सोडून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. उपरणं तोंडाला बांधून बसले, तेव्हा पेपरवाल्याने खिडकीतून पाहिलं आणि गावभर सांगितलं की अप्पांची दाढ काढली. रविवारच्या बैठकीला बोलावणं आलं तर म्हणाले, घसा बसलाय. तो खरं तर पहिल्यांदाच बसवायचा प्रयत्न चालला होता.

एकदा ते माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मालतीबाई, एक सांगू का? आदी दूध वर आलं की हूं केलं, संपलं. आता शेगडीवर दूध नसलं तरी मी दुधातच असतोय. हूं बंद केलं आन् मनच दिसायलंय सगळं. डोळे लिंगावर, आन् मी घरभर हिंडायलोय."

"मग इतकी वर्षं काय करत होता?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझं तोंडही काही शिवलेलं नाही.

ते ओट्याच्या कडेवर टेकले. "हेच," म्हणाले. "पोत्याचं तोंड लई झकास शिवलं होतं बगा. खालून उसवलेलं कुनी सांगितलंच न्हाई."

या माणसावर मी रागावले होते, पण तेव्हा मला त्यांचं फार वाईट वाटलं. म्हातारपणी, सगळं गाव पाया पडत असताना, आपलं पोतं रिकामं आहे हे कबूल करायला छाती लागते.

चन्नव्वाची वेगळीच तऱ्हा. हूं बंद झाला म्हणून ती निवांत बसेल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, "अक्का, हूं येत न्हाई म्हून जास्तच भ्या वाटायलंय. कान सगळे तिकडंच. आता येईल, मग येईल. आला असता तर उठून मोकळी झाले असते." म्हणजे दोघांची दुखणी जोडीची होती. एकाला हूं करायची सवय आणि दुसरीला ऐकायची. धारणा म्हणजे मन एका जागी बांधून ठेवणं, असं पुस्तकात शिकवतात. या दोघांची मनं बांधलेलीच होती, पण एकमेकांच्या घशाला आणि कानाला.

मग मडिवाळप्पांनी एक गोष्ट केली. देवघरातला आपला पाट, ज्याच्यावर दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे, तो चन्नव्वाला दिला आणि स्वतः मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून बसायला लागले. "तू आत बस. भायेरचं काय आलं तर मी हाय," म्हणाले. दारात कुणी आलं की पूजा मोडून स्वतः उठायचे. फोन आला की उठायचे. त्यांची पूजा रोज मोडत होती, पाच-सहा ठिकाणी. मला भिंतीतून त्यांची पावलं ऐकू यायची, जड, सवय नसलेली. एकदा नळ बंद करायला गेले आणि कुठला नळ हेच कळेना म्हणून सगळे बंद करून आले. चन्नव्वा मात्र अजून मध्येच उठत होती. "जमंना अक्का," म्हणायची. गोळ्या चालू होत्या, चक्कर अधूनमधून येतच होती.

त्या सकाळी मी कुकर लावला आणि भाजी निवडत बसले. एक शिट्टी झाली, दुसरी, तिसरी. मी भाजी निवडत राहिले. आणखी शिट्ट्या झाल्या. जळकट वास आला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी अजून पलीकडच्या हूंची वाट बघत बसले आहे. धडपडत उठून गॅस बंद केला. पण वास दुसराच होता. दूध जळल्याचा, आणि पलीकडून येत होता. नागरत्ना बसच्या घाईत जुन्या सवयीने दूध शेगडीवर ठेवून निघून गेली होती, हे नंतर कळलं.

आमचं मागचं अंगण एकच आहे. मी त्यांच्या मागल्या दाराने आत गेले. दूध पातेल्यातून फसफसत उतू चाललं होतं, ओट्यावरून ओघळून खाली फरशीवर आलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी, चार पावलांवर, मडिवाळप्पा बसले होते. डाव्या तळहातावर लिंग, आणि उजव्या हाताने स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलेलं. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली. मला वाटलं, यांनाच काहीतरी झालं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी भुवयांनी मला दटावलं, आणि मग त्याच भुवयांनी शेगडी दाखवली, मग देवघर दाखवलं. ते उठले का नाहीत, ते मला देवघरात डोकावल्यावर कळलं.

चन्नव्वा पाटावर बसली होती. पाठ भिंतीपासून लांब. तळहात समोर, आणि तो हात जराही हलत नव्हता. उठायला गेलं तर चटई वाजेल, पाऊल वाजेल, शेगडीवरचं पातेलं वाजेल, म्हणून तो माणूस दूध उतू जाताना बघत बसला होता. आयुष्यभर ज्या दुधावर त्याचं मन होतं, ते सगळं त्याने जाऊ दिलं. मला रडू आलं, सरळ सांगते. मी अनवाणी पायांनी दुधातून चालत गेले, बटण हळूच फिरवलं आणि तिथंच उभी राहिले. घरी जाऊन कुकर उघडायचा आहे, हेसुद्धा मी विसरले.

किती वेळ गेला कोण जाणे. चन्नव्वाने लिंग कपाळाला लावलं, करंड्यात ठेवलं, करंडा गळ्यात घातला. घाई नव्हती. मग तिने नाक वर करून वास घेतला आणि आमच्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा झोपेतून उठलेल्या लहान मुलीसारखा दिसत होता.

"दूध उतू गेलं व्हय?"

"व्हय," मडिवाळप्पा म्हणाले. तोंडावरचा हात त्यांनी आत्ता काढला.

"कवा? मला ऐकूच आलं न्हाई."

"मला आलं," मडिवाळप्पा म्हणाले. "थेंब न् थेंब आला."

त्यांनी लिंग करंड्यात ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, मोरीतलं फडकं आणलं आणि धोतर आवरून शेगडीसमोर खाली बसले. फडकं उलटं धरलं होतं आणि दूध पुसण्याऐवजी पसरत होतं. ते बघून चन्नव्वा पाटावरून उठायला लागली.

मडिवाळप्पांनी मागे न बघता हूं केला. आखूडच, पण खाली उतरणारा. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. चन्नव्वाने अर्धवट उठलेल्या अवस्थेत त्यांच्या पाठीकडे बघितलं, आणि परत खाली बसली.